विणलेला स्टेंट

आईला जाऊन चाळीस दिवस झाले होते आणि तक्रारीचा अर्ज मी चौथ्यांदा लिहीत होते. वैद्यकीय परिषदेला तो बाबांच्या सहीनं जाणार होता. डॉक्टरांनी आईच्या मेंदूतल्या धमनीत चुकीच्या प्रकारचा स्टेंट बसवला, हे एकच वाक्य मला त्यात असं लिहायचं होतं की कुणाला हलवता येऊ नये.

"अजून तेच का?" नचिकेत चहाचे कप घेऊन आला. माझा धाकटा भाऊ, इथं सेलूतच कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रं सांभाळतो. "ताई, स्टेंट चांगला होता."

"चांगला होता, म्हणून पाच आठवड्यांत बंद पडला."

"तू आता पीएचडीच कर त्याच्यात."

"ऑपरेशनच्या संमतीवर सही तुझी आहे."

तो गप्प बसावा म्हणूनच मी ते बोलले होते. चाळीस दिवसांत ते वाक्य मी निदान दहा वेळा वापरलं असेल.

आईची डोकेदुखी थांबेना म्हणून एमआरआय काढला, तेव्हा धमनीवर फुगा दिसला. भिंत एका जागी पातळ होऊन बाहेर आलेली. तो फुटायच्या आत त्यात प्लॅटिनमच्या बारीक तारेची वेटोळी भरून तो बंद करायचा, असं ठरलं. पण आईच्या फुग्याचं तोंड रुंद होतं, तार धमनीत निसटली असती. म्हणून धमनीतून जाळीची नळी घालायची आणि तारेला आतच अडवायचं. ही नळी म्हणजे स्टेंट.

मी पुण्यात एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. वाचून कळत नाही असं जगात फारसं काही नाही, असा माझा समज होता. तीन आठवडे मी शोधनिबंध वाचले आणि तक्ता केला. एका रकान्यात लेझरनं कापलेला स्टेंट: अखंड नळीत खिडक्या पाडलेल्या, उघडायला सोपा, धातू कमी. दुसऱ्या रकान्यात तारांचा विणलेला: वेटोळी घट्ट धरतो, फुग्याकडे जाणारं रक्तही थोडं वळवतो, पण धातू जास्त, आणि पूर्ण उघडला नाही तर भिंतीपासून सुटा राहतो. काही अभ्यासांत विणलेल्यात गुठळ्या किंचित जास्त होत्या. काहींत काहीच फरक नव्हता. मी 'किंचित जास्त' तेवढं लक्षात ठेवलं.

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी विणलेला निवडला. मी फोनवर अर्धा तास त्यांच्याशी वाद घातला. ते शांतपणे उत्तरं देत राहिले आणि शेवटी त्यांना हवा तोच स्टेंट त्यांनी बसवला. अष्टमीच्या सकाळी आईचा उजवा हात गळाला, वाचा गेली. स्टेंट गुठळीनं बंद झाला होता. चौथ्या दिवशी ती गेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, देवीनं बोलावून घेतलं, भाग्याची बाई. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

बाबा आतल्या खोलीतून फाईल घेऊन आले. अनंतराव मास्तर, तेहतीस वर्षं भूगोल शिकवला, अजून कागद हातात घेतला की आधी कोपरे सरळ करतात.

"हे पण जोड अर्जाला," ते म्हणाले. "बन्सीधर वकील सांगायला होता, डॉक्टर लोक पहिलं हेच म्हणतात की पेशंटनं औषध नीट घेतलं न्हाई. त्यांना तोंडच उघडू द्यायचं न्हाई."

आलेखाच्या कागदावर त्यांनी आईच्या गोळ्यांचा तक्ता केला होता. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, रोजच्या तारखेपुढं दोन चौकटी, प्रत्येकीत निळ्या शाईची बरोबरची खूण. इतकं नेटकं काम माझ्या ग्रंथालयात कुणी करत नाही. मी बोट खाली नेत गेले. शेवटच्या आठ दिवसांच्या चौकटींत खुणेऐवजी छोटा 'उ' होता.

"हे काय आहे, बाबा?"

"उपवास."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? नवरात्र न्हवतं का. नुसत्या दुधावर होती ती, दरवर्षीसारखी. त्या गोळीनं उपाशी पोटी तिच्या पोटात आग पडायची. मेडिकलवाला पण म्हणला होता, जेवल्याशिवाय देऊ नका. मग बाजूला काढून ठेवल्या. पारणं झालं की द्यायच्या होत्या. एकसुद्धा वाया जाऊ दिली न्हाई मी."

नचिकेतनं हातातला कप खाली ठेवला.

"तुमी कुणाला विचारलं होतं का, बाबा?"

"विचारलं की. हिलाच." त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

मी फोन काढला. नवरात्रातल्या रविवारी बाबांनी तक्त्याचा फोटो पाठवला होता, दर रविवारी पाठवत तसाच. खाली त्यांचं वाक्य: उपवासात गोळ्या थांबवल्या आहेत, चालेल ना? त्याखाली माझा अंगठा. आणि दोन मिनिटांनी मीच पाठवलेला लेख: साठीपुढच्या स्त्रियांमध्ये विणलेल्या स्टेंटचे परिणाम. मी ते वाक्य वाचलं नव्हतं. बाबांचा तक्ता बरोबरच असणार हे मला माहीत होतं.

आधी मला बाबांचा राग आला, आणि तो इतका की त्यांच्या हातातला तो सरळ कोपऱ्यांचा कागद चुरगाळून टाकावासा वाटला. पारण्यानंतर द्यायच्या होत्या. जणू राहिलेला गृहपाठ. मग आईचा आला, तिच्या दुधाचा आला, आणि पुण्यात बसून अंगठा दाबणाऱ्या बाईचा आला तो अजून उतरलेला नाही.

"अर्ज फाड, ताई," नचिकेत हळू म्हणाला. "आता बस."

बाबा आमच्या तोंडाकडं बघत होते. वर्गात कुणी कुजबुजलं तर जसे थांबायचे तसे थांबले होते.

"काय झालं? सांगाल का मला?"

त्यांना न सांगता अर्ज पाठवता आला असता. तक्ता हरवला म्हणायचं, डॉक्टरांना दोष द्यायचा, बाबांना नीट झोपू द्यायचं. मी ते केलंही असतं. पण ते विचारत होते आणि फोन माझ्या हातात उघडा होता.

"बाबा, धमनीत परकी जाळी असली की रक्त तिच्यावर गोठतं. त्या दोन गोळ्या ते अडवत होत्या. त्या बंद केल्यावर कुठला स्टेंट बसवला होता, याला अर्थ राहत नाही. विणलेला असो की कापलेला."

"किती दिवसांत उतरतो असर?"

"पाच-सात."

त्यांनी बोटांवर मोजलं. "सहाव्या माळेला ती म्हणली होती, बोटांत मुंग्या यायल्यात म्हणून. मी म्हणलं, दुधावर हायेस, अशक्तपणा असंल."

चहावर साय धरली.

मग मी रुग्णालयाचा घरी सोडतानाचा कागद पुन्हा काढला. इंग्रजीत दोन औषधांची नावं, पुढं 'सहा महिने'. बस. एक दिवसही चुकवली तर काय होतं, याबद्दल एक अक्षर नाही. या जिल्ह्यात घरोघरी घट बसतात, आणि मेंदूत जाळी बसवून घरी निघालेल्या बाईला 'उपवास करता का' एवढं कुणी विचारलं नाही. डॉक्टरांचा तो अर्धा तास मी स्टेंटवर घालवला होता. गोळ्यांबद्दल ते एक वाक्य बोलले, आणि त्यावर मी पुढचा प्रश्न विचारला तो जाळीच्या धातूबद्दल. आणि मी त्याच उपवासाच्या घरात वाढलेली मुलगी.

"फाडणार नाही," मी नचिकेतला म्हणाले. "दुसरा लिहिते."

"कोरा कागद घे," बाबा म्हणाले. "मी सांगतो ते लिही. नवरात्रात माझ्या पत्नीच्या गोळ्या मी थांबवल्या."

"आपण दोघांनी असं लिहिते."

"तू होतीस का इथं?"

"विचारलं तर मलाच होतं ना."

"मग तुझं दुसऱ्या वाक्यात लिही. पहिलं माझं."

मी लिहिलं. पहिलं त्यांचं, दुसरं माझं. तिसरं रुग्णालयाचं: काय सांगितलं नाही आणि काय विचारलं नाही.

"आन् स्टेंट?" नचिकेतनं विचारलं.

"त्याच्याबद्दल काही नाही." मी त्याच्याकडं बघितलं. "सहीबद्दल मी जे बोलत होते, ते—"

"राहू दे," तो म्हणाला. पण राहू दिल्यासारखा त्याचा आवाज नव्हता.

बाबांनी अर्ज दोनदा वाचला.

"यानं त्या डॉक्टरचं काय होईल?"

"बहुतेक काही होणार नाही."

"आन् माझं?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि वडिलांच्या नावासकट पूर्ण सही केली.