जावयाचा उद्योग

सासूबाईंना जावई नापसंत होता असं नाही. पसंत-नापसंत करण्याइतका तो त्यांना कधी ठळकच वाटला नव्हता. लेकीने घरी आणला, माणूस स्वच्छ होता, जेवताना तोंडाचा आवाज करत नव्हता, विषय संपला. पण एका रविवारी जिन्याखालच्या छत्र्या बाजूला करताना त्याला सासूबाईंची जुनी सायकल दिसली, आणि तो तिच्यासमोर चक्क गुडघे टेकून बसला. त्या दिवशी सासूबाईंचं मत पक्कं झालं. पोरगी हुशार, पण नवरा निवडताना चष्मा घरी विसरली होती.

"आई, ही कुठून आणलीत तुम्ही?"

"दुकानातून," सासूबाई म्हणाल्या. "सायकली तिथेच मिळतात."

सासूबाई नोकरीला होत्या पाणीखात्यात. गावाबाहेरच्या टेकडीवर पाण्याची टाकी होती आणि तिथून खाली येणाऱ्या मोठ्या नळाची पाहणी त्यांच्याकडे होती. साहेब लोक जीपमधून जिथवर रस्ता तिथवर जायचे आणि तिथूनच मान डोलावून परत फिरायचे. सासूबाईंना टाकीपर्यंत जावं लागे. म्हणून त्यांनी ही जाड टायरची, पोलादी, डोंगरात चालणारी मोरपंखी सायकल घेतली होती. तिच्यावर बसून त्यांनी गळके सांधे शोधले, कुत्री हाकलली, दोन-तीन ठेकेदारांना घाम फोडला. मग निवृत्त झाल्या, गुडघा कुरकुरायला लागला, आणि सायकल जिन्याखाली गेली ती छत्र्या अडकवण्यापुरती उरली.

"अस्सल जुनं पोलाद आहे हे," जावई नळीवर टिचकी मारून म्हणाला. "आवाज ऐका. या फ्रेमला कॅरॅक्टर आहे."

"माणसांना असावं ते."

"आई, मी ही नवी करून देतो तुम्हाला. फ्रेम जुनी, बाकी सगळं आजचं. तुमच्या साठीला माझ्याकडून भेट."

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेक हात जोडल्यासारखी बघत होती. हो म्हण, निदान हा घरातल्या भिंतींना भोकं पाडणं तरी थांबवेल. सासूबाई म्हणाल्या, "न्या."

न्या म्हणाल्या खऱ्या, पण सायकलचं पुढे काय होतंय ते बघायला त्या दर आठवड्याला लेकीकडे जाऊ लागल्या. लेकीच्या घरी जेवायच्या टेबलावर आता जेवण होत नसे. एका कडेला लोखंडी शिकंजा बसवला होता, उरलेल्या जागेत पाने, ब्रश, तेलाच्या बाटल्या आणि सायकलची आतडी पसरलेली. लेक आणि सासूबाई सोफ्यावर ताटल्या मांडीवर घेऊन बसायच्या. जावई चामड्याचा ॲप्रन बांधून उभा असायचा. ॲप्रनवर एक डाग नव्हता.

"खाटिकखाना टाकलात का?" सासूबाईंनी विचारलं.

"ॲप्रनने एक फील येतो, आई."

"आणि कामाला काय येतं?"

काम अडलं होतं सीटच्या दांडीपाशी. ती निघतच नव्हती. ॲल्युमिनियमची दांडी पोलादी नळीत अशी काही धरून बसली होती, की दोन्ही एकजीव झाल्या होत्या. जावयाने गंज सोडवायचं तेल ओतलं. उकळतं पाणी ओतलं. बर्फाच्या पिशव्या बांधल्या. परदेशातल्या कुठल्याशा दाढीवाल्याला व्हिडिओवर फ्रेम दाखवली, तर त्यानेही मान हलवली.

"शेवटची कधी काढली होती ही दांडी, आई?"

"कधीच नाही. सीट वर-खाली कशाला करायची? मी काय दर वर्षी वाढते?"

"अहो, पण अधूनमधून काढून ग्रीस लावायला हवं असतं. नाहीतर अशी धरते."

"मी नळ तपासत होते, जावईबापू. सायकलचे लाड करायला मला खात्याने ठेवलं नव्हतं."

लेकीने ताटलीत तोंड घातलं. हसू लपवायची तिची ही लहानपणापासूनची पद्धत.

शेवटी जावयाने दांडीचं डोकं शिकंज्यात घट्ट आवळलं आणि सबंध फ्रेमच दोन हातांनी धरून चावीसारखी फिरवायला लागला. एक टोक त्याने धरलं, दुसरं लेकीने. दोघं टेबलाभोवती भांडल्यासारखे ओढत होते. सासूबाई सोफ्यावरून सूचना देत होत्या, त्या सूचनांचा उपयोग शून्य होता हे त्यांनाही माहीत होतं. मग एक किंचाळी निघाली, आधी वाटलं लेकीची, पण ती दांडीची होती. पांढरी भुकटी सांडत दांडी बाहेर आली आणि जावई जमिनीवर बसला. त्याचा चेहरा असा फुलला होता जसं काही त्याने मूल जन्माला घातलंय.

"निघाली," तो म्हणाला.

"नळ असता तर एव्हाना अर्धं गाव तहानेने मेलं असतं," असं म्हणून सासूबाई उठल्या. खरं सांगायचं तर त्यांना वाटलं होतं तो कधीच सोडून देईल. भिंतीचं कपाट त्याने अर्धवट सोडलं होतं, गिटार सोडली होती, पाव भाजणं सोडलं होतं. हे का सोडलं नाही, हा प्रश्न त्यांना बसमध्ये चावत राहिला, आणि त्याचा त्यांना रागच आला.

साठीच्या दिवशी लेकीच्या घरी शेजारीपाजारी, दोन मैत्रिणी आणि पाणीखात्यातले एक जुने साहेब जमले. चादरीखाली काहीतरी उभं होतं. केक कापून झाला तसं जावयाने दोन बोटांनी चादर ओढली.

सायकल राखाडी होती. मोरपंखाचा ठिपकासुद्धा उरला नव्हता.

"वाळूचा रंग," जावई म्हणाला. "मॅट. एकदम मातीशी नातं सांगणारा."

"गिलावा केल्यासारखी दिसते," सासूबाई म्हणाल्या. साहेब हसले आणि लगेच खोकले.

जावयाने मग पाहुण्यांना एकेक भाग समजावला. पुढची तीन दातेरी चक्रं काढून एकच ठेवलं होतं, मागे ताटाएवढं मोठं चक्र आलं होतं. चढाला कितीही हलका गिअर. हँडल रुंद, ब्रेक नवे, टायर नवे. मागचं नवं चाक बसावं म्हणून फ्रेमचे मागचे दोन पाय हातांनी ताणून थोडे फाकवावे लागले होते. ते सांगताना त्याचा आवाज हळू झाला. मैत्रिणी "अगं बाई" म्हणाल्या. सासूबाईंची नजर मात्र सीटवर होती. सीट त्यांच्या छातीशी येत होती.

"यावर मी बसू कशी? शिडी लावून?"

"ती मी माझ्या उंचीने लावलीये. ट्रायल घेत होतो ना." जावई जरा चाचरला. "आणि तसंही, जास्त मीच चालवणार. म्हणजे तुमचा गुडघा... तुम्हाला हवी तेव्हा मागा की, आई."

खोलीत एकदम सगळ्यांना केक आवडायला लागला.

"माझी सायकल मी मागायची," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "बरं. आणि माझी जुनी हाडं कुठे टाकलीत?"

"पार्ट्स? ते खोक्यात आहेत. त्यांचा मी भिंतीवर एक पीस करणार आहे. घड्याळ वगैरे."

"ते खोकं मला द्या. आत्ता."

खोकं घेऊन त्या टॅक्सीने घरी गेल्या. डोक्यात जाळ होता. घड्याळ! त्यांच्या हँडलचं घड्याळ!

दुसऱ्या दिवशी त्यांनी तळघरात सडत पडलेली शेजाऱ्यांची एक गंजकी सायकल मागून घेतली. शेजाऱ्यांनी आनंदाने दिली, वर आभार मानले. ती आणि खोकं घेऊन त्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेल्या.

"याच्यावर हे सगळं चढव. चाकं, गिअर, ब्रेक, हँडल. माझंच."

सायकलवाल्याने एक ब्रेक उचलला, रबराला नख लावून पाहिलं. नख उमटलं नाही. "बाई, हे रबर नाही राहिलं, लाकूड झालंय. आणि गिअरची ही पट्टी बघा, अंगठ्याने ढकलली तरी जागेवर थांबत नाही."

"माझ्या अंगठ्याला थांबते."

"चढवतो. पण भांडायला माझ्याकडे येऊ नका." तो मागे वळून स्वतःशीच पुटपुटला, "एकेका घराला काय हौस असते."

सायकल तयार झाली. गंजलेली, वाकड्या चेहऱ्याची, पण हँडल हातात घेतल्यावर सासूबाईंना ओळखीचं वाटलं. त्यांनी लेकीला फोन केला. "रविवारी टाकीपर्यंत जाऊ. तुझ्या नवऱ्यालाही आण. गिलाव्यासकट."

रविवारी तिघं निघाले. लेक शेजारणीची साधी सायकल घेऊन आली होती. जावई वाळूच्या रंगाच्या सायकलवर, डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर पिवळा गॉगल. जणू टेकडी नाही, चंद्र चढायचा होता. सपाट रस्त्यावर सासूबाई सगळ्यांच्या पुढे राहिल्या. मुद्दाम. गुडघा ठणकत होता पण तोंडातून ब्र काढला नाही.

चढ लागला तशी त्यांनी अंगठ्याने पट्टी ढकलली. गिअर हलका झाला, दोन पेडलं मारली, आणि पट्टी आपसूक मागे सरकून गिअर जड झाला. पुन्हा ढकलली. पुन्हा सरकली. मग त्यांनी एका हाताने पट्टी दाबून धरली आणि एका हाताने हँडल, तेव्हा सायकल दारुड्यासारखी रस्ताभर फिरू लागली. वळणावर चेन पडली. हात काळे करून चढवली. पुढे परत पडली.

"आई, मी बघू का?" जावई मागून म्हणाला. तो आरामात बसल्या बसल्या पाय फिरवत होता, घामसुद्धा नव्हता.

"तुम्ही तुमचं मातीचं नातं बघा."

उरलेला चढ त्या सायकल ढकलत चालल्या. टाकीपाशी पोचल्यावर त्यांनी सायकल जमिनीवर आडवी टाकली. लेकीने पाण्याची बाटली पुढे केली. टाकीच्या भिंतीवर नवा रंग होता, पण खालचा सांधा अजूनही पाझरत होता. सासूबाईंनी तो बघितला आणि तोंड वाकडं केलं. "गाढव आहेत सगळे. आम्ही होतो तेव्हाही इथेच गळायचं." मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो, आणि त्या आणखीच घुश्श्यात आल्या.

उतार त्याहून वाईट निघाला. ब्रेक दाबला तर डुकराने आरोळी द्यावी तसा आवाज झाला आणि वेग जिथल्या तिथे. सासूबाईंनी दोन्ही मुठी आवळल्या. सायकल ओरडत राहिली आणि पळत राहिली. शेवटी त्यांनी पाय जमिनीवर घासले, बूट खरवडला, आणि पहिल्या वळणावरच्या झुडपात त्या सायकलसकट शिरल्या. झुडूप दाट होतं म्हणून बचावल्या.

लेक ओरडत धावली. जावयाने आपली सायकल आधी नीट झाडाला टेकवली आणि मग धावला; हे सासूबाईंनी झुडपातूनही टिपलं. पण त्याने त्यांना उचलताना गुडघ्याला धक्का लागू दिला नाही, हेही टिपलं.

"लागलं का?"

"झुडपाला विचारा."

जावयाने त्यांच्या केसांतली काटकी काढली. गॉगल कपाळावर सरकवला. पिवळ्या काचा गेल्यावर त्याचे डोळे चांगलेच भेदरलेले दिसत होते. "आई, इथून खाली तुम्ही माझी... तुमची घ्या. मी ही हाताने ढकलत आणतो."

"माझे पाय पोचणार नाहीत."

त्याने सीटखालचा खटका उघडला. तळहाताने सीट दाबली. दांडी नळीत लोण्यातून जावी तशी गुपचूप खाली गेली. खटका बंद. "आता पोचतील."

सासूबाई बसल्या. पाय पोचले. उतार पुढे पडला होता. त्यांनी एक बोट ब्रेकवर ठेवलं, नुसतं ठेवलं, आणि सायकल शहाण्या बैलासारखी सावकाश झाली. बोट सोडलं, ती सुटली. खड्डा आला तेव्हा खालच्या पोलादाने नेहमीसारखी जराशी उसळी खाल्ली आणि सोडून दिली. ती उसळी त्यांना ठाऊक होती. रंग खरवडून, पाय फाकवून, सगळं अंग बदलूनही या माणसाने ती घालवली नव्हती. पुढचा छोटा चढ आला, त्यांनी अंगठा हलवला, गिअर एका टिचकीत हलका होऊन तिथेच थांबला, आणि गुडघा काही म्हणाला नाही. सासूबाईंच्या तोंडून एक शिवी गेली, कुणाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या घरापाशी थांबल्या नाहीत. तशाच पुढे गेल्या, बाजारापर्यंत, परत आल्या, मग नदीच्या पुलापर्यंत गेल्या. येऊन बघतात तर जावई फाटकात बसला होता. कपाळावर काळं, हातावर काळं, आणि शेजारी ती गंजकी सायकल. वाटेत चेन पुन्हा पडली होती म्हणे, नुसती ढकलतानाही.

"कशी वाटली?" त्याने विचारलं. शाळेतल्या मुलासारखा.

सासूबाई उतरल्या. सायकल आत ओढली, छत्र्या बाजूला भिरकावल्या आणि तिला जिन्याखाली नीट उभं केलं. साखळी गुंडाळून तिला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"रंग भिकार आहे," त्या म्हणाल्या. "मोरपंखी करून द्या. आणि सीट आता जिथे आहे तिथेच राहील."

"पण आई, मग मी काय चालवू?"

"ही आहे की." त्यांनी गंजक्या सायकलकडे हनुवटी केली. "कॅरॅक्टर भरपूर आहे."

जावयाने लेकीकडे पाहिलं. लेकीने यावेळी तोंड कशातच लपवलं नाही. ती फाटकाला धरून खो-खो हसत होती. जावई उठला आणि वाकून त्याने तिची सीट पकडली आणि जोर लावून पिळून पाहिली.

"ही पण धरलीये," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे पुन्हा चमकले.

"जेवायला टेबल नाही आता पुढचं वर्षभर," लेक म्हणाली.

"माझ्याकडे या," सासूबाई म्हणाल्या, आणि हात धुवायला आत गेल्या.