तिसऱ्या मजल्यावरचं विमान

मी व्हिडिओ गेमचं मशीन बोलतेय, आणि सुरुवातीलाच माझा मूर्खपणा कबूल करून टाकते. मी विमान आहे, अशी माझी कितीतरी दिवस समजूत होती. अंगावर विमान रंगवलेलं, पडद्यावर विमान उडणारं, पोटातून विमानाची घरघर. दुसरं काय वाटणार? चार माणसांनी मला चेन्नईच्या टी. नगरमधल्या एका साड्यांच्या दुकानात आणलं आणि लिफ्टमध्ये घातलं. लिफ्ट वर निघाली तशी मी मनात म्हटलं, उडाले! दार उघडलं, तर समोर परकरांचा विभाग.

माझा जन्मही तसा ओढूनताणूनच झालेला. दोन हजार एक साल. सर्किट बोर्ड रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सेकंडहँड आणलेला, पडदा एका मोडक्या टीव्हीचा, आणि प्लायवूडचं अंग तिरुवल्लिकेणीच्या गल्लीतल्या सुतारानं ठोकलेलं. रंगवणारा पेंटर सिनेमाची मोठमोठी पोस्टरं करणारा. त्यानं लढाऊ विमान कधी जवळून पाहिलं नव्हतं, देवळाचा रथ मात्र पाहिला होता. त्यामुळे माझ्या विमानाला डोळे आहेत, आणि वैमानिकाला झुपकेदार मिशा नि कपाळावर गंध.

माझ्या स्वतःच्या कपाळावर पिवळ्याधमक अक्षरांत लिहिलंय, ‘बर्फाच्या डोंगरापलीकडे सोन्याचं शहर! शोधा!’

ते शहर माझ्यात नाही. बोर्ड स्वस्तात मिळाला तो त्यामुळेच. कुणीतरी कॉपी करताना शेवटचा तुकडा सुटला होता. आधी समुद्र, मग जंगल, मग पडकी देवळं, मग बर्फाचे डोंगर, आणि त्यापुढे पुन्हा पहिलाच समुद्र. पण कपाळावर जाहिरात आपली शहराची. लग्नाच्या जाहिरातीत सगळ्याच मुली ‘मनमिळाऊ’ असतात ना, तसं.

साड्यांच्या दुकानात माझं काय काम, म्हणाल. तर रेशमी साडी घेतली की बिलाबरोबर एक पितळी टोकन मिळायचं. ते माझ्या पोटात टाकायचं आणि खेळायचं. बायकांनी निवांत साड्या बघाव्यात आणि पोरांनी, नवऱ्यांनी इकडे गप्प बसावं, अशी मालकांची युक्ती. पोरं बसायची. नवऱ्यांना मात्र कठीण जायचं. हातात पिशव्या, पाय अवघडलेले, आणि लांबून बायकोनं पदर उलगडून दाखवला की मान वर न करता म्हणायचं, “छान आहे.”

सोमवार ते गुरुवार दुपारी इथे चिटपाखरू नसायचं. कुणी नसलं की माझं विमान आपलं आपणच उडतं. त्याला डेमो म्हणतात. दर वेळी त्याच ढगामागून तेच लाल विमान येतं आणि मी त्याच जागी पडते. लाल विमान येणार हे मला ठाऊक असतं, पण वळता येत नाही. मग पडद्यावर अक्षरं येतात, ‘टोकन टाका’. मग पुन्हा डेमो, पुन्हा तो ढग, पुन्हा ‘टोकन टाका’. समोर ओळीनं उभ्या साड्या नेसलेल्या बाहुल्या. त्यांच्याकडे काय मागायचं?

अशाच एका दुपारी वसंतराव माझ्यासमोरच्या बाकावर येऊन टेकले. चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, नुकताच रिटायर झालेला. त्यांच्या बायकोचं, अलकनंदाबाईंचं, मोठं काम असायचं. सांगली-साताऱ्याकडच्या झाडून सगळ्या जावा-नणंदांना कांजीवरम यांच्याकडूनच हवी. मद्रासला माणूस असल्याचा फायदा!

त्या दिवशी पहिल्या साडीचं टोकन वसंतरावांनी उडवलं, मग बाकीच्या साड्या घेऊन झाल्या नि बाई उरलेली टोकनं घेऊन आल्या. आमच्या मजल्यावर अंबुजा नावाची सेल्सवुमन होती. ती सरळ मराठीत म्हणाली, “बसा की हो, अम्मा.”

“अगंबाई, तुम्ही मराठी? कधी आलात इकडे?”

“आम्ही तंजावूरचे. तीनशे वर्षं झाली असतील की,” अंबुजा म्हणाली. “तुम्ही?”

“आम्ही एकोणसत्तर साली.”

“मग नवीनच की.”

अलकनंदाबाई इतक्या हसल्या की बाकावर बसल्याच. पाय दुखतच होते. “एक टोकन टाकून बघू हो,” म्हणाल्या.

“हे काय वय आहे का तुझं?” वसंतराव म्हणाले.

“तुमचं होतं का? मघाशी तुम्ही खेळलात नि लगेच पडलात. पाहिलं मी साडीच्या आडून.”

“मी रणगाडेवाला. रणगाडा पडत नाही.”

बाई खेळल्या. आणि असं खेळताना मी कुणालाच पाहिलं नव्हतं. त्या गोळीच मारेनात.

“अगं, बटण दाब! गोळी मार, गोळी!”

“कशाला? ते आपल्या वाटेनं चाललेत.”

“ते तुला मारतायत!”

“मारू देत की. मी बाजूला होते.”

आणि खरंच बाजूला व्हायच्या. मोठं राक्षसी विमान आलं की पदर खोचून कोपऱ्यात थांबायच्या. थोड्या वेळानं ते कंटाळून निघून जायचं. जातं तसं, पण थांबून बघतंय कोण! गुणांच्या जागी भोपळा. मागे उभी पोरं खिदळली, आणि मीही मनातल्या मनात खिदळले. असली येडी बाई, म्हटलं. पुढच्या महिन्यात ती येडी बाई पडक्या देवळांच्या पुढे गेली. तिथवर एकही पोरगा पोचला नव्हता.

मग ते दोघं यायला लागले. मी सारखी ‘टोकन टाका’ करते म्हणून वसंतराव म्हणायचे, “ही बाई तुझ्या जावांसारखीच आहे. सारखं मागते.” तेव्हापासून माझं नाव बाई पडलं. आल्या आल्या अलकनंदाबाई माझ्या काचेवर टिचकी मारून विचारायच्या, “काय बाई, बऱ्या आहात ना?” मला त्याआधी कुणी तब्येत विचारली नव्हती.

पहिल्यांदा बर्फाचे डोंगर दिसले तेव्हा त्या खेळायच्याच थांबल्या. “बघा हो. रिटायर झाल्यावर बद्रीनाथ करू म्हणाला होतात.”

“करू की. तुझे गुडघे बरे होऊ देत.”

“तोवर हे तरी बघून ठेवते. या डोंगरापलीकडे काय आहे ते बघायचंय मला.”

इतक्यात वाऱ्याच्या झोतानं विमान कड्यावर आपटलं. “पुढच्या साडीला,” म्हणून त्या उठल्या. उरलेली टोकनं कॉफीच्या रिकाम्या डब्यात साठवायच्या. वसंतराव डबा खुळखुळवत मागून जायचे.

मग ते येईनासे झाले. मला वाटलं, सांगली-साताऱ्याचा कोटा पुरा झाला असेल. एक दिवाळी गेली, पोंगल गेला. माझा पडदा पिवळट पडत चालला होता. पोरांच्या खिशात आता मोबाइल आले होते, त्यातच सापाचा खेळ चालायचा. दिवसचे दिवस मी माझ्या ढगातून जायचे नि पडायचे.

आणि एका दुपारी वसंतराव आले. पिशवी नाही. हातात नुसता कॉफीचा डबा.

“अम्मा?” अंबुजानं विचारलं.

“ती श्रावणात गेली.” ते बाकावर बसले. डबा मांडीवर घेतला. “एवढी उरलीत. मुलगी पुण्याला बोलावतेय, ऊर्मी. घर रिकामं करायचंय. म्हटलं, डोंगरापलीकडचं तेवढं बघून जावं. तिचं राहिलं होतं.”

पदराच्या टोकानं अंबुजानं माझी काच पुसली. वर्षभरात पुसली नव्हती.

माझी अवस्था काय सांगू! कपाळावर सोन्याचं शहर मिरवत बसलेली मी. आता हा माणूस बायकोचं राहिलेलं बघायला आलाय, आणि माझ्याकडे दाखवायला काही नाही. मी देवाला म्हटलं, याला पोचू देऊ नकोस. समुद्रातच पाड.

तशी देवाला फार तसदी घ्यावी लागली नाही. वसंतराव स्वतःच पडायचे. रोज पडायचे. पण गोळीच्या बटणाला त्यांचा अंगठा लागला नाही. “बाजूला हो, बाजूला,” असं पुटपुटत हँडल धरून बसायचे. हळूहळू समुद्र पार झाला. जंगल झालं. डब्याचा आवाज दिवसेंदिवस पोकळ होत गेला. एका दुपारी बर्फ दिसायला लागलं, आणि वीज गेली.

दुकानाला जनरेटर होता. रेशमी विभाग, कॅश काउंटर, बाहुल्यांवरचे दिवे, सगळं त्यावर. माझी वायर तेवढी नव्हती.

वसंतराव काळ्या पडद्याकडे बघत बसून राहिले. आता डब्यात एकच टोकन होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते टाकण्याआधी अंबुजानं बाहुल्यांच्या दिव्यांचा प्लग काढला आणि तिथे माझा घातला. सुपरवायझर लांबून ओरडला, “बाहुल्या अंधारात का?”

“जेवायला गेल्यात, सार,” अंबुजा म्हणाली.

त्या दिवशी वसंतराव काय उडले! रणगाडेवाला माणूस, पण असा कडेकडेनं, अलगद. वारा आला, ते बाजूला झाले. कडा आला, बाजूला झाले. मी मनात त्यांना पाडत होते आणि मनातच “जपून, जपून” म्हणत होते. शेवटचा डोंगर खाली गेला. पडदा पांढराशुभ्र झाला.

आणि समुद्र आला. तोच. तीच माडांची रांग, त्याच होड्या.

“अय्यो,” अंबुजा म्हणाली. “हे तर पहिलंच की!”

माझी पिक्चर ट्यूब फुटली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. एका हातानं हँडल सांभाळत वसंतरावांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

“अंबुजा, घरातून निघताना इकडे काय म्हणतात?”

“पोयिट्टु वरेन. जाऊन येतो.”

“हं. आपल्यातही ‘जातो’ म्हणत नाहीत.” ते समुद्राकडे बघत होते. “म्हणजे जाऊन आलो म्हणायचं.”

मग ते बाकावर जरासे सरकले. दुसऱ्या माणसाला बसता येईल एवढे. आणि तसेच, एका कडेला बसून, समुद्रावरून उडत राहिले. लाल विमान आलं तेव्हा ते माझ्या ढगापाशीच होते. ते बाजूला झाले. त्या ढगातून मी पहिल्यांदा जिवंत बाहेर पडले.

पुढे जंगलात कुठेतरी ते पडलेच. रिकामा डबा घेऊन गेले.

त्यानंतर दुकानाचं नूतनीकरण निघालं. टोकनांची योजना बंद झाली. मला लिफ्टनं खाली आणलं. या वेळी उडाल्यासारखं मुळीच वाटलं नाही. आता मी तळघरातल्या गोदामात असते. शेजारी हात तुटलेल्या बाहुल्या. बिचाऱ्यांच्या अंगावर आता साड्याही नाहीत. आणि एक गंमत सांगते. इतकी वर्षं तीच अक्षरं दाखवून दाखवून ती माझ्या काचेत भाजली गेलीत. वीज नसली तरी माझ्या काळ्या तोंडावर पुसट दिसतं, ‘टोकन टाका’. मेले तरी मागणं सुटलं नाही.

काल अंबुजा एका माणसाला घेऊन खाली आली. वसंतराव! आज ते पुण्याला निघणार होते. ऊर्मीसाठी साडी घेतली होती, आयुष्यात पहिल्यांदा स्वतः निवडून. भडक जांभळी. अलकनंदाबाईंनी ती दुकानाबाहेर येऊ दिली नसती.

ते माझ्यासमोर उभे राहिले आणि काचेवर टिचकी मारली. धूळ उडाली.

मला काय काय बोलायचं होतं! म्हटलं, शहर नव्हतं हो, माफ करा. म्हटलं, मला इथे फार एकटं वाटतं. खेळू नका, गोळी मारू नका, नुसतं बसा थोडा वेळ. आणि अलकनंदाबाई विचारायच्या तसं एकदा विचारा, बऱ्या आहात ना. पण माझ्या तोंडावर शब्द दोनच. तेच मी त्यांच्यासमोर धरले.

त्यांनी वाकून ते वाचले. दोन्ही खिसे चाचपले. मग माझ्या मागे डोकावून बघितलं.

“टोकनं संपली, बाई,” ते म्हणाले. “आणि तुमचा प्लगही काढलाय.”