बटण, काज आणि घरचा टेप

मावशीने तिची दोन कुत्री आमच्याकडे सोडली, तेव्हा बरोबर खाण्याचा एक पुडा, दोन मखमली गाद्या आणि एक धमकी दिली. धमकी माझ्या वडिलांना होती.

"भावोजी, मुलाकडे राहायला चाललेय, तिथे कुत्री चालत नाहीत, म्हणून ठेवतेय. तीन महिन्यांनी येईन. बोटभर जरी वाळलेली दिसली, तर उचलून बेकरीवालीला देईन. ती केव्हाची मागतेय."

वडील शिंपी. त्यांनी त्या दोन केसाळ गोळ्यांकडे गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं पाहिलं. "आजच नेऊन दे की," ते म्हणाले. आईने तर तिथल्या तिथे बजावलं, "माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला यांचं नाक लागता कामा नये."

आठ दिवसांत वडिलांनी त्यांचं बारसं केलं. मावशीच्या नावांना त्यांची जीभ वळत नव्हती. गोल होतं ते बटण, आणि जे सतत त्याच्या मागे असायचं ते काज. दुपारी जेवायला आले की दोघं त्यांच्या दोन पायांवर एकेक हनुवटी टेकून बसायची, आणि वडील जेवण संपल्यावरही उठायचे नाहीत. बेकरीवालीचा पाव मात्र त्यांना अचानक शिळा लागायला लागला.

पुडा दहा दिवसांत संपला. त्याच्यावरच्या कुत्र्याचे केस आमच्या घरातल्या कुणाहीपेक्षा नीट विंचरलेले होते. वडील तसलाच आणायला गेले, किंमत वाचली आणि झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं तसा तो परत फळीवर ठेवून आले. आमच्याकडे महिनाअखेर पंधरा तारखेलाच सुरू व्हायची.

मग ते जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांचा कोट त्यांनीच शिवलेला, त्यामुळे सल्ला फुकट मिळाला.

"पुड्यावाचून आजवर कुठलं कुत्रं मेलं नाही, मास्तर. कोंबडीची हृदयं, मानेचं मांस, जरा कलेजी. थोडा भात, भोपळा, गाजर. मीठ नको, कांदा नको, शिजवलेलं हाड तर मुळीच नको. दोन वेळा, मोजकं. आणि बरगड्यांवरून हात फिरवत जा. बोटांना लागल्या पाहिजेत, डोळ्यांना दिसता कामा नयेत."

खाटकाचे एप्रन वडील फुकट शिवून द्यायला लागले. बदल्यात तो आठवड्यातून दोनदा गिऱ्हाइकं नको म्हणतील ते सगळं बांधून द्यायचा. "मास्तर, खरं सांगा," तो विचारायचा, "कुत्री खातात की घरचे?" आई ते वेगळ्या पातेल्यात शिजवायची, नाकाला पदर लावून. पण भोपळ्याच्या फोडी इतक्या बारीक आणि एकसारख्या चिरायची, की तशा आमच्या ताटात कधी आल्या नाहीत.

डॉक्टरांचं सगळं वडिलांनी ऐकलं, हात फिरवायचं सोडून. "हाताचा अंदाज हौशी लोकांसाठी. आम्ही मापावर जगतो."

घरी खिळ्याला एक जुना कापडी टेप होता. वडिलांना काम शिकवणाऱ्या उस्तादांनी तो दिलेला. दुकानातून निवृत्त करून त्यांनी तो घरी मानाने टांगला होता. दर शनिवारी त्याने कुत्र्यांची छाती मोजली जायची आणि दुकानाच्या मापवहीत नोंद व्हायची. पोस्टमन आणि शाळेच्या मुख्याध्यापिका यांच्यामध्ये आजही ती वाचता येते: बटण. छाती चौदा. बाह्या चार.

तिसऱ्या शनिवारी बटणाची छाती पावणेचौदा भरली. वडिलांनी पुन्हा मोजली. मग चष्मा पुसून मोजली.

"वाळतायत गं," ते म्हणाले.

"डोळ्यांना तर दिसत नाही," आई म्हणाली.

"केसांमुळे. टेप खोटं बोलत नाही."

त्या दिवसापासून वडिलांचं सकाळचं अंडं कुत्र्यांकडे गेलं. पुढच्या महिन्यात माप साडेतेरावर आलं, तसा त्यांच्या ताटातला रात्रीचा भातही गेला. आईला ते सांगायचे, दुकानात खाल्लंय. त्याच दिवसांत त्यांनी स्वतःची पँट कमरेला दोनदा आत घेतली. त्याचा दोष त्यांनी कापडाला दिला.

ठरल्या दिवशी मावशी आली. वडिलांनी कुत्र्यांना विंचरून, केस फुलवून बसवलं होतं. स्वतः दाराशी असे उभे, जसं गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर गेलंय आणि अजून काही बोललेलं नाही. मावशीने बटण उचललं आणि ते उचलता उचलता खुर्चीवर बसली.

"भावोजी, हे कुत्रं आहे की लोड?"

वडिलांनी मापवही पुढे केली. मावशीने साडेतेरा वाचलं. बटणाकडे पाहिलं. मग खिळ्यावरचा टेप काढला आणि वडिलांच्या कापड मोजायच्या लाकडी गजाशेजारी लावला. गजावर पंधरा होते, तिथे टेपवर साडेतेरा.

वडील खाली बसले. "उस्तादांचा टेप," एवढंच म्हणाले.

स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "उस्तादांना कशाला मध्ये आणता. रोज दुपारी ही दोघं टेपच्या एका टोकाला लोंबायची."

"आणि दुसऱ्या टोकाला?" मावशीने विचारलं.

आई आत वळली. उत्तर मी देऊ शकले असते. शाळा लवकर सुटली त्या दिवशी मी पाहिलं होतं: आई जमिनीवर बसलेली, पदर खोचलेला, टेपचं टोक दोन्ही हातांत, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. "घरात बोललीस तर बघ," ती म्हणाली होती. आजवर बोलले नव्हते.

मावशीने वडिलांच्या कमरेकडे पाहिलं, तिथल्या दोन दोन शिलाया पाहिल्या. मग काजाचे कान कुरवाळले.

"वाळलं तर द्यायचं ठरलं होतं," ती म्हणाली. "वाळलेत एकटे भावोजी. त्यांना काही बेकरीवाली घ्यायची नाही."

मखमली गाद्या तेवढ्या तिने परत नेल्या. त्यांच्यावर तसंही कुणी झोपत नव्हतं.

पुढे दहा-बारा वर्षं, दर शनिवारी, वडील डोळे मिटून दोघांच्या बरगड्यांवरून बोटं फिरवायचे आणि आईला हाक मारून सांगायचे, "लागतायत." मग आई भोपळा चिरायला घ्यायची, आणि वडिलांच्या ताटात अंडं आधी वाढायची.

टेप आता माझ्याकडे आहे. दुसऱ्या कुणाचं माप मी त्याने घेत नाही. माझी कंबर मात्र त्याच्यावरच मोजते.