अंगणातली उपरी तुळस

विमलाबाईंचं डोकं असं काही सणकलं की हातातली पिशवीच खाली पडली. लाखनीच्या मंगल कार्यालयात हस्तकला प्रदर्शन भरलं होतं. मधल्या टेबलावर त्यांनी केलेलं घर होतं आणि त्या घराच्या अंगणात तुळशीवृंदावन उभं होतं. प्लास्टिकचं, हिरवंगार, दुकानातून आणलेलं!

घर म्हणजे जेमतेम दीड हाताचं. पण त्यांचं खरं घर गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, आणि त्याचा एकही फोटो नव्हता. गाव उठत असताना फोटो कोणाला सुचणार? म्हणून बाईंनी आठ महिने खपून ते आठवणीतून उभं केलं होतं. छपराला तुराट्यांचे फाटे, त्यावर पेन्सिलीवर एकेक वळवून वाळवलेली नखाएवढी मातीची कवेलू. चुलीमागच्या भिंतीला दिव्याची काजळी बोटाने लावली, तीही डावीकडे जास्त, कारण धूर तिकडेच जायचा. उंबऱ्याजवळचं सारवण चिंधीने घासून मुद्दाम झिजवलं. नवऱ्याने, केशवरावांनी विचारलं होतं, "एवढं कोन पाह्यते?" तर बाई म्हणाल्या होत्या, "मले दिसते ना!"

त्या अंगणात भांडी घासायचा दगड होता. तो उपटून तिथे ही तुळस चिकटवली होती.

"प्रवीण सर, हे कोनं केलं?"

प्रवीण सर प्रदर्शनाचे आयोजक. भलतेच खुशीत होते. "मीच केलं, मावशी. अंगन मोकळं मोकळं दिसून राहिलं होतं. आता कसं घराले घरपन आलं! पहिला नंबर आहे तुमचा. अस्सल गावचं घर म्हणून."

अस्सल म्हणे! उचलली जीभ, लावली टाळ्याला. बाईंची कानशिलं तापली.

सोबत आलेल्या केशवरावांनी हळूच पदर ओढला. "जाऊ दे ना वं. बक्षीस भेटून राहिलं. तुळस का खाऊन राहिली आपल्याले?"

"मामंजींनी छप्पन साली दीक्षा घेतली. तेव्हापासून आपल्या अंगनात तुळस पाह्यली का तुमी?"

केशवरावांनी पदर सोडला.

"सर, वाका," बाई म्हणाल्या. "दरवाजातून आत पाहा."

सर वाकले. समोरच्या भिंतीवर चिंचोक्याएवढ्या दोन तसबिरी होत्या, बुद्धाची आणि बाबासाहेबांची. तीन आठवडे घर या माणसाच्या ताब्यात होतं. अंगण सजवायला वेळ मिळाला, आत डोकावायला नाही!

सर ओशाळले, पण घटकाभरच. "अहो मावशी, तुळस तर सगळ्यायचीच असते. गावचं घर म्हटलं का लोकं तेच शोधतात."

चोर तो चोर, वर शिरजोर.

"गावचं नाही, माह्यं घर आहे हे!" बाईंनी तुळस मुठीत धरली आणि ओढली. गोंद पक्का होता. तुळशीबरोबर अंगणाचा भलामोठा टवका निघाला. आजूबाजूचे लोक गोळा झाले.

"तोडलं ना मावशी! आता बक्षीस कसं देऊ?"

"नका देऊ!" बाईंचा आवाज फाटला. "घर पान्यात घातलं तेव्हा आमाले कोनी विचारलं नाई. आतातरी विचाराले पायजे होतं!"

बाईंनी घराची एक बाजू धरली. केशवरावांनी निघालेला टवका रुमालात बांधला आणि घर उचलायला दुसऱ्या बाजूने हात लावला.