मातीची ओल मी चुकीची सांगितली

मी बोटभर लांबीचा, दोन पायांचा सेन्सर. मातीत पाय रोवून उभं राहायचं आणि ओल किती ते कळवायचं, एवढंच माझं काम. आता आकडा मागणारं कुणी उरलं नाही, म्हणून हे चार शब्द.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ठाऊक नाही. पिशवीभर भावंडांसोबत जालन्याच्या एका दुकानात आलो आणि अक्षतानं मला उचललं. अक्षता अंबडची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. अंतराळात माणसाचा हात न लागता भाजी पिकवेल अशी पेटी तिला करायची होती. तशी स्पर्धाच होती. निवड झाली तर बंगळुरूच्या प्रयोगशाळेत सहा महिने शिकायला मिळणार होतं. त्यासाठी पोरीनं जिवाचं रान केलं.

पेटीत मेथी पेरली, वर दिवे लावले. माती सुकली की मी कळवायचं, पंपानं पाणी सोडायचं आणि नोंद तिच्या मोबाइलवर जायची. पेटीवर तिनं कागद चिकटवला, 'हात लावू नये.'

घरच्या बोअरचं पाणी क्षाराचं. आठवड्याभरात माझ्या पायांवर पांढरा थर चढला आणि मला कोरडी मातीही ओली वाटू लागली. मी आपला 'ओल भरपूर' कळवत राहिलो. माझ्या मनात कपट नव्हतं, पण चूक ती चूकच. पंप गप्प बसला. मेथी मात्र तरारून आली, असं ऐकलं.

"आई, एवढ्याशा पाण्यात मेथी आली बघ!" अक्षता हरखून म्हणाली.

"येईलच की," तिची आई बेबीनंदा म्हणाली. भाकरी थापण्याचा आवाज काही थांबला नाही.

अक्षतानं अहवालात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाण्याची विक्रमी बचत.' अहवाल पाठवायला चार दिवस उरले होते, तेव्हा बेबीनंदा बहिणीकडे वाटूरला गेली. तिसऱ्या दिवशी अक्षता पेटीपाशी येऊन किंचाळली. मेथीनं माना टाकल्या होत्या आणि मी म्हणत होतो, ओल भरपूर. तिनं मातीत बोट खुपसलं. माती ठणठणीत कोरडी. तिनं आईला फोन लावून विचारलं, मग इतके दिवस मेथी कशावर जगली?

"अगं, पेल्यातलं उरलेलं पाणी मी रोज त्याच्यात टाकून राह्यले ना! पानं सुकून गेल्ती. मंग काय मोरीत ओतू? नळ आठ दिवसांनी येतो आपल्याकडं."

"आई, हात लावू नये लिहिलं होतं!"

"हात कुठं लावला? झाकणाच्या भोकातून बराबर ओतलं. बिलकुल हात लावला न्हाई."

अक्षता हसली नाही, चिडलीही नाही. फोन ठेवून तिनं अहवाल उघडला. अहवाल तसाच पाठवला असता तर कुणाला कळलं नसतं. तिनं 'विक्रमी बचत' खोडली आणि लिहिलं, 'यंत्रणा बंद पडली होती. पिकाला पाणी आईनं दिलं.'

निवड झाली नाही. त्या दिवशी ती रडली, मला ऐकू आलं.

आता नव्या पेटीत दोन सेन्सर आहेत आणि पानांवर नजर ठेवणारा कॅमेरा. मी टेबलाच्या खणात, स्क्रूच्या डबीत पडून असतो. गंज चढतोय, तक्रार नाही. एकच सांगणं आहे. उद्या कुणी चंद्रावर भाजी लावली, तर माझ्यासारख्याचा आकडा खुशाल घ्या, पण एकदा पानांकडेही बघा. इतके दिवस मी तिच्या मुळाशी उभा होतो आणि मेथी मला कधी दिसलीच नाही.