मिगास खाताना एक पाऊल मागे

अरे थांबा, आधी मला पूर्ण सांगू द्या, मग हसा!

तर आई आली होती ना नाशिकहून, इथे परदेशात माझ्याकडे. आल्या दिवसापासून तिने एकच धरून ठेवलेलं, "गिरिजा, हे घर सोड आणि पलीकडच्या गावात, चँडलरला, कांचनमावशीकडे राहायला जा." मावशीने तर शिलाई मशीन हलवून वरची खोली आवरूनसुद्धा ठेवली होती, आणि मावशीला नाही म्हणणं म्हणजे, जाऊ दे. कारण काय, तर मला फ्लू झाला तेव्हा व्हिडिओ कॉलवर माझं तोंड कसं दिसत होतं ते आईने पाहिलेलं. "परक्या पोरीबरोबर राहून तुला करून कोण घालणार?"

आता ही परकी पोरगी म्हणजे रोसिओ, माझी फ्लॅटमेट. स्पेनमधल्या एका खेड्यातली, इथे बायोलॉजीत पीएचडी करतेय. आणि यार, त्या फ्लूमध्ये मला करून घालणारी तीच होती! लसणाचं सूप. शिळा पाव, लसूण, ऑलिव्ह ऑइल, त्यांची ती धुरकट वासाची लाल मिरचीपूड, आणि पाणी. बास. वरून अंडं फोडतात, ते मी खात नाही म्हणून तिने नाही फोडलं. मी प्यायले, गाढ झोपले, आणि उठले तर चक्क भूक लागलेली. पण हे आईला सांगून पटतंय? "पावाचं पाणी पाजलंन तुला," म्हणाली.

म्हणून मी रोसिओला म्हटलं, आईसाठी काहीतरी कर ना, तुझ्या घरचं. मला हे घर सोडायचं नाहीये गं. ती इतकी खूश झाली! म्हणाली, मिगास करते. इथे आल्यापासून केलंच नाही, ते एकटीने खायची गोष्टच नाही.

आदल्या दिवशी तिने पाव चुरला, मिठाचं पाणी शिंपडलं, फडक्याखाली झाकून ठेवला. रविवारी दुपारी भरपूर तेलात लसूण, त्यात तो पाव, आणि मग परतणं. परततेय, परततेय, संपतच नाही. आई ओट्याला टेकून बघतेय.

"अगं, हा तर फोडणीचा पाव!"

मला वाटलं, जिंकलो!

"मोहरी विसरली ती. सांग तिला."

मी सांगितलं. रोसिओ म्हणाली, मोहरी नाही, द्राक्षं. आणि खरंच हिरवी द्राक्षं काढली, नाशिकच्या बाईसमोर! आईने एक तोंडात टाकलं. "आंबट आहेत. पण चालतील."

मग रोसिओने ती पसरट लोखंडी कढई तशीच उचलून टेबलाच्या मधोमध ठेवली. खुर्च्या बाजूला केल्या आणि तिघींच्या हातात एकेक चमचा दिला. प्लेट नाही, वाटी नाही, काही नाही.

आमच्या घरी चाखलेला चमचा परत पातेल्यात गेला तर अख्खी भाजी उष्टी होते, तुम्हाला माहितीये. मी काय केलं, गुपचूप तीन प्लेट्स काढून ठेवल्या. रोसिओने हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "ओके. प्लेटमध्ये घेऊ." इतक्या हळू, की मला स्वतःचाच राग आला.

"काय झालं तिला?" आई.

मग मी सगळं सांगितलं. की तिच्या गावाकडे मेंढपाळ एका कढईभोवती उभं राहून हे खायचे. प्रत्येकाने आपल्यासमोरचंच खायचं, पलीकडे चमचा न्यायचा नाही. एक घास घ्यायचा आणि एक पाऊल मागे व्हायचं, म्हणजे दुसऱ्याला पुढे येता येतं.

"आपल्यासमोरचंच?"

"हो गं."

"दुसरीच्यात चमचा घालायचा नाही?"

"नाही!"

"मग यात उष्टं कुठे झालं? उचल त्या प्लेट्स."

अरे, आणि मग जी मजा! कुरकुरीत पाव, मऊ लसूण, मध्येच थंडगार द्राक्ष फुटतं तोंडात. आई घास घेते आणि तिथेच उभी. रोसिओ तिला कोपराला धरून मागे ओढते, "पासो आत्रास, आई, पासो आत्रास!" आणि आई, "हो गं बाई, झाले मागे, ढकलू नकोस!"

मग बघते तर रोसिओ थांबलेली. तिच्या बाजूचं संपत आलेलं आणि ती नुसती कढईकडे बघतेय. डोळे भरलेले. आईने काय करावं? स्वतःच्या बाजूचा सगळ्यात खरपूस तुकडा आणि दोन द्राक्षं स्वतःच्या चमच्यात घेतली आणि सरळ रोसिओच्या बाजूला नेऊन ठेवली.

"खा. किती वाळलीयेस."

मी ओरडलेच, "आई, उष्टा चमचा!"

"दिसतंय मला. आईचा पोरीला चालतो."

रोसिओने मला विचारलं, "तिने नियम मोडला ना?" मी म्हटलं, हो, दोन्हीकडचा. तिने नाक पुसलं आणि खाल्लं सगळं.

संध्याकाळी आई बाल्कनीत फोनवर होती. मी दाराआड उभी, श्वास रोखून.

"कांचन, त्या खोलीत तुझं शिलाई मशीन परत लाव बाई. नाही गं, रागावले कशाला? इथेच राहू दे तिला. जेवते ती इथे. मी पाहिलं ना."