ज्या शेकरमधून आजी प्यायल्या नाहीत

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं भांडं बहुधा नसेल, आणि नसलं म्हणून तुमचं काही अडणारही नाही. मी एक जुना शेकर आहे. स्टीलचा, तीन तुकड्यांचा. खाली उंच पेला, त्यावर गाळणीचं झाकण आणि डोक्यावर छोटी टोपी. माझ्यात बर्फ आणि रस घालून जोरजोरात हलवतात. मोठ्या माणसांसाठी दारूही घालतात, ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. लपवावं की सांगावं, यावरच तर माझी गोष्ट आहे.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका भांड्यांच्या कारखान्यात माझा जन्म झाला. गंमत पाहा, त्या शहरात दारू चालत नाही आणि मला घडवणारा खैरुद्दीन तर तिला कधी शिवलाही नव्हता. तो सकाळी जेवणाचे डबे बनवी आणि दुपारी हॉटेलांची भांडी. फिरत्या यंत्रावर पत्रा दाबत दाबत त्याने मला आकार दिला. टोपी घट्ट बसेना, म्हणून तीनदा घासली. मग पाणी भरून गळतं का ते पाहिलं आणि सदऱ्याच्या टोकाने मला आतून-बाहेरून कोरडं केलं. शेजारच्या कारागिराला म्हणाला, "गीला मत रखना, दाग पडता है." माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य.

तिथून मी दुबईच्या एका हॉटेलात गेलो आणि जेरार्डच्या हाती पडलो. जेरार्ड वसईचा. तिथल्या बारमध्ये तो बारटेंडर होता. बारटेंडर म्हणजे बाटलीतून ग्लासात ओतणारा, असं पुष्कळांना वाटतं. तसं असतं तर नळानेही ते काम केलं असतं. जेरार्ड बर्फाचे मोठे खडे घेई, कारण बारीक बर्फ लगेच पाणी होतो आणि चव बुडवतो. मला हलवताना तो डोळ्यांनी बघत नसे, कानाने ऐके. आधी बर्फ खडखड वाजतो. मग खड्यांच्या कडा झिजतात आणि आवाज मऊ होतो. नेमकं तिथे थांबायचं. थंडीने माझी टोपी आवळून बसे. नवशिके ती ओढत घाम गाळत, जेरार्ड कडेला तळहाताची एक टप्पल मारी की ती सुटे.

चवी जुळवण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कैरी आणि पुदिना, चिंच आणि गूळ, ग्लासच्या कडेला तिखट-मीठ. देशोदेशीचे पाहुणे टाळ्या वाजवत. त्या टाळ्या माझ्यासाठीच आहेत अशी माझी पक्की समजूत होती. स्टीलच्या डोक्यात शिरायला वेळ लागतो.

वीस वर्षं मला हलवून जेरार्डचा उजवा खांदा कामातून गेला. डॉक्टरांनी सांगितलं की आता पुरे. त्याची बायको सुझी अल ऐन शहरात नर्स होती. तोही तिकडे गेला आणि एका गोदामात स्टोअरकीपर झाला. निरोपाच्या दिवशी सोबत्यांनी मला त्याच्या हातात ठेवलं.

अल ऐनच्या घरात माझी जागा कपाटाच्या वरच्या फळीवर, केकच्या साच्यामागे. फक्त नाताळात मला खाली काढत. एका नाताळानंतर घाईत मला ओलंच फळीवर सारलं, आणि माझ्या तळाला काळपट डाग पडला. मला फार वाईट वाटलं. खैरुद्दीनचं वाक्य इथे कोणाला माहीत असणार?

समोरच्या फ्लॅटमध्ये हर्णैचे वली आणि अजरा राहत. सुझीची ड्यूटी असली की जेरार्डची लेक करेन शाळेतून थेट अजराकडे जाई आणि अजराच्या हिबाबरोबर जेवे. अशी दहा वर्षं गेली. खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर डबा समोरूनच आला. जेरार्डला एकच रुखरुख होती. ज्या कलेवर तो जगला, त्या कलेतला एक ग्लासही या माणसांना त्याने कधी दिला नव्हता. आमच्याकडे ते फक्त चहा घेत.

यंदा हिबाला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. निरोपाची पार्टी आमच्या घरी, असं जेरार्डने जाहीर करून टाकलं. नातीला निरोप द्यायला वलीच्या आई, हाफिजाआजी, हर्णैहून आल्या होत्या. येताना त्यांनी घरी काढलेल्या कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या आणल्या. त्यातली एक अजराने जेरार्डला दिली, आणि त्याच्या डोक्यात बेत शिजला. दारूचा थेंब नाही. आगळ, आल्याचा रस, गुळाचा पाक, कडेला मीठ आणि भाजलेलं जिरं. आणि हलवायला मी.

त्याने मला गरम पाण्याने धुतलं, मग लिंबू-मिठाने, मग सोड्याने, आणि हुंगून पाहिलं. सुझीने विचारलं की भांडं हेच हवंय का. "वास खलास," तो म्हणाला. "धुतलं की भांडं ते भांडंच." बारमध्ये स्वच्छ म्हणजे आधीच्या पेयाचा वास नसणं. इतकी वर्षं त्याला एवढीच व्याख्या पुरली होती.

दुपारी सगळे जमले. दुखरा खांदा विसरून जेरार्डने मला हलवलं. किती दिवसांनी! पहिला ग्लास हाफिजाआजींना दिला. त्यांनी तो ओठांपर्यंत नेला, आणि त्यांची नजर माझ्यावर पडली.

"बाबा, हे भांडं कशाचं?" त्यांनी विचारलं.

करेन हळूच बापाच्या कानाशी लागली. "डॅड, जस्ट से इट्स न्यू."

खरं सांगतो, मलाही तेच हवं होतं. एवढ्या वर्षांनी माझं कौतुक होणार होतं, त्यासाठी एक शब्द खोटा बोलायला काय हरकत? जेरार्डने अजराकडे पाहिलं, हिबाकडे पाहिलं.

"आजी, दारूच्या कामाचंच आहे," तो म्हणाला. "वीस वर्षं मी ह्यात ड्रिंक्स बनवली. आज नीट धुतलं, पण आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. सॉरी."

आजींनी ग्लास खाली ठेवला. वलीनेही ठेवला. धुतलं की चालतं असं काही जण म्हणतात, अजरा हळू आवाजात म्हणाली, पण मन घेत नाही, भाई. जेरार्डने सगळे ग्लास उचलून सिंकमध्ये रिकामे केले आणि मलाही तिथेच आडवं टाकलं. आजींनी समुद्रापलीकडून आणलेलं लालभडक आगळ जाळीतून खाली गेलं. दहा वर्षांचा शेजारही त्याच्याबरोबर गेला, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. करेन तर रडायलाच लागली.

"खोटं बोलला असतास तर मी प्यायले असते," हाफिजाआजी म्हणाल्या. "आणि पुढे कधी कळलं असतं, तर ह्या घरचा चहापण घशाखाली उतरला नसता." मग त्या सुनेकडे वळल्या. "अजरा, आपला फिरकीचा डबा आण, आणि दुसरी बाटली." जेरार्डकडे बघून त्यांनी विचारलं, "हात तरी धुतलेले आहेत ना तुझे?"

आधी वली हसला, मग सगळेच हसले.

डबा साधा होता, फिरवून घट्ट बसणाऱ्या झाकणाचा. खैरुद्दीन सकाळी बनवी तसलाच. जेरार्डने तो खांद्याशी धरून हलवला. सिंकमध्ये पडल्या पडल्या मी ऐकत होतो. तीच खडखड, आणि मग तोच मऊ आवाज. माझा नुसता जळफळाट झाला. पण नेमक्या क्षणी तो थांबला, चहाच्या गाळणीने त्याने ग्लास भरले, आजींनी एक संपवून दुसरा मागितला, आणि माझ्या डोक्यात एकदाचा प्रकाश पडला. टाळ्या हातासाठी होत्या.

आजींनी फर्मावलं की हे हिबाला शिकव, होस्टेलात करून पिईल. हिबाने डबा हातात घेतला.

"अंकल, हाऊ डू आय नो व्हेन टू स्टॉप?"

"कान दे," जेरार्ड म्हणाला. "बर्फ सांगतो."

तो डबा हिबाच्या बॅगेतून पुण्याला गेला. जेरार्डची वीस वर्षांची विद्या त्यातून गेली, माझ्यातून नाही. याचं आता मला वाईट वाटत नाही. थोडंसं वाटतं.

पण त्या संध्याकाळचं शेवटचं सांगायचं राहिलं. सगळे दाराशी निरोप घेत होते आणि मी सिंकमध्ये ओलाच पडलो होतो. हाफिजाआजी हात धुवायला आत आल्या. त्यांनी मला पाहिलं, उचललं, विसळलं आणि कोरडं फडकं घेऊन आतून-बाहेरून पुसलं. तळाच्या डागावर त्यांचं बोट दोनदा फिरलं. जेरार्ड दारात येऊन उभा होता.

"ओलं नको ठेवूस रे ह्याला," त्या म्हणाल्या. "डाग पडतो."

मित्रांनो, माझ्यातलं त्या कधीच पिणार नाहीत, तरी त्या मला कोरडं करून गेल्या. तुमच्याही घरात तुमच्या उपयोगाचं नसलेलं एखादं भांडं असेल. त्याला हात लागला, तर एवढंच करा. ओलं टाकून जाऊ नका.